बंडू भाऊजींची नऊ वळणं

माझे दीर बंडू देवतळे हे रायपूरच्या सरकारी मोटारखान्यातले सगळ्यात हळू ड्रायव्हर, असं मोटारखान्याचं ठाम मत होतं. हे मत चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं, तरी बरीच वर्षं मीही त्यांना हसणाऱ्यांत होते. हसायला आपलं काही जात नाही. कागदोपत्री त्यांचं नाव अच्युत. घरी बंडू, आणि मोटारखान्यात ‘स्लो बंडू’. त्यांची मुलगी अनुश्री कॉलेजात जायला लागली तेव्हा तिच्या मैत्रिणींपर्यंतही हे नाव पोचलं होतं, आणि हे मात्र भाऊजींना लागलं होतं.

हे नाव पडलं त्याला नवं राज्य कारण. दोन हजार साली रायपूर राजधानी झालं आणि गावाला अचानक घाई सुटली. परवापर्यंत गोल बाजारात स्टीलच्या डब्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारी माणसं आता लाल दिव्याच्या गाडीत बसून घड्याळ बघू लागली. वीस मिनिटांच्या रस्त्यावर दहा मिनिटांत पोचून हे लोक करायचे काय, तर दहा मिनिटं जास्त बसून चहा प्यायचे. पण दहा मिनिटांत पोचणं म्हणजे मोठा माणूस, असं ठरून गेलं होतं. मग मोटारखान्यात ड्रायव्हरची निवडही त्याच मापानं होऊ लागली. जो जास्त दाबेल त्याला मोठी गाडी, आणि जो त्याहून दाबेल त्याला मंत्र्याची.

भाऊजींना एकदा भोपाळहून नव्यानं आलेल्या एका साहेबांना घेऊन जगदलपूरला जायचं होतं. वाटेत केशकाल घाट लागतो, बारा वळणांचा. साहेब मागून सारखे म्हणत होते, “दबाओ, दबाओ.” भाऊजी सरळ रस्त्यावर दाबत होते आणि वळण आलं की त्याच्या आधी वेग मोडत होते. तिसऱ्या वळणाला साहेबांनी विचारलं, “डरते हो क्या?” भाऊजी खरं बोलले. “साब, मोड़ के पहले डरता हूँ. मोड़ में नहीं.” त्या वाक्यात मोटार चालवण्याची सगळी विद्या होती, पण साहेबांना फक्त पहिला अर्धा भाग ऐकू आला. रायपूरला परतल्यावर भाऊजींना डाकगाडी मिळाली.

डाकगाडी म्हणजे या ऑफिसातले कागद त्या ऑफिसात नेणारी जीप. तिच्यात साहेब बसत नाहीत, म्हणून ती ड्रायव्हरला शिक्षा समजली जाते. भाऊजींनी तिथंही आपला एक नियम काढला. फाइलींचा ढीग ते मागच्या सीटवर तसाच ठेवायचे, दोरी न बांधता. मुक्कामाला पोचल्यावर ढीग जसा ठेवला तसाच असला पाहिजे. एखादी फाइल जरी सरकलेली दिसली तरी दिवसभर स्वतःवर चिडून असायचे, आणि रात्री जेवताना माझी जाऊ माया हिला त्याचा त्रास व्हायचा, कारण ताटातल्या वाट्या सरकवून ते तिला दाखवायचे की वजन गाडीत कुठून कुठं जातं.

“हे पाय, ब्रेक मारला का वजन पुढं येते. पुढच्या चाकायले जमीन धरता येते. मंग वळवाचं. वळणात ब्रेक मारला तं चाक बिचारं काय काय करन? थांबन का वळन?”

“तुमी आधी वरण संपवा,” माया म्हणायची.

घोड्यांवर त्यांचा राग होता. म्हणजे गाड्यांच्या ताकदीचं जे माप सांगतात त्या घोड्यांवर. “घोडे कितीबी जुंपा,” ते म्हणायचे, “लगाम तं एकच हाये, आन् तो चार टायराच्या हातात हाये.” आम्ही हसायचो. ज्याच्याजवळ स्वतःची सदतीस हॉर्सपॉवरची मारुती आहे, तो दुसऱ्याच्या घोड्यांना नावं ठेवणारच, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. तेही हसले होते. त्या माणसाला राग यायचाच नाही, आणि अशा माणसाला बोलण्याची आपल्याला फार लवकर सवय लागते.

मग नवी राजधानी आली. म्हणजे गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, सहा पदरी रस्ते आले. आम्हा कारकुनांना रोज सकाळी आमच्या गुढियारी वस्तीतून बस धरून तिथं जावं लागायचं आणि वाटेत माणसांपेक्षा गाई जास्त दिसायच्या. पण रस्ते! आखणीवाल्यानं पट्टी ठेवून रेघ ओढली असावी, इतके सरळ. अशा रस्त्यावर कोणालाही आपण मोठे ड्रायव्हर आहोत असं वाटतं. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांना ते फारच वाटू लागलं.

समता कॉलनीतला विकी त्यांतलाच. त्याचे वडील मोठे ठेकेदार. विकीनं दोन दारांची लाल परदेशी गाडी आणली होती, चारशे वीस हॉर्सपॉवरची. हा आकडा मी बनवलेला नाही, तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. ती गाडी समता कॉलनीच्या गल्लीत शिरायची तेव्हा स्पीडब्रेकरवर पोट घासू नये म्हणून दोन माणसं पुढं फळ्या टाकत चालायची. आत चारशे वीस घोडे आणि पुढं फळी टाकायला दोन माणसं, असा तो थाट होता. भाऊजींनी ते एकदा पाहिलं आणि घरी येऊन एकच वाक्य बोलले. “गाडीलेबी वळण नाई, पोट्ट्यालेबी नाई.”

मराठीत हे बरं आहे. वळण रस्त्याला असतं तसं पोराला लावायचंही असतं. इथं हिंदीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळं बापांना वाटतं की पोराला गाडी घेऊन दिली की आपलं काम संपलं.

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत मोटर क्लबनं नव्या राजधानीत स्पर्धा ठेवली. एका रिकाम्या रस्त्यावर नारंगी कोन मांडून नऊ वळणांचा मार्ग आखायचा आणि घड्याळ लावून एकेकानं गाडी काढायची. जो कमी वेळात जाईल तो पहिला, आणि कोन पाडला तर दर कोनामागे पाच सेकंद दंड. क्लबचे आश्रयदाते आमच्या खात्याचे साहेब, आणि मंडप, माईक, जेवण विकीच्या वडिलांकडून. साहेबांनी मला टेबलावर बसवलं, कारण सरकारी असो की खाजगी, रजिस्टर भरायला त्यांना मीच लागायची. नावं वीससुद्धा होईनात. साहेब म्हणाले, “लता जी, कुछ कीजिए.” मी गंमत म्हणून यादीत अच्युत देवतळे हे नाव टाकून दिलं.

भाऊजींना वाटलं मी त्यांच्यासाठी काहीतरी केलं.

“वहिनी, घड्याळ हाये ना तिथं?” त्यांनी दोनदा विचारलं.

“हव, आहे. कंप्युटरचं.”

“मंग झालं. घड्याळाले साहेब दिसत नाई.”

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तेरा वर्षं डाकगाडी चालवून, स्लो बंडू हे नाव घेऊन घरी बसायचं, आणि पोरीनंही तेच खरं मानायचं, हे त्यांना नको होतं. बक्षिसाचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पंधरा दिवस मारुतीची सेवा चालली. डिकीतलं सामान काढलं, टायरची हवा सकाळी थंडीत मोजली, आणि बंपरच्या दोन्ही बाजूंना सूत ताणून चारही चाकं त्या सुतात आणली. गुढियारीतली पोरं कुंपणाला टेकून बघत होती. अनुश्री माझ्याकडे आली ती चिडूनच.

“मोठी आई, पापा की बेइज्जती कराने का आपको इतना शौक है क्या?”

“अगं, मजा येईल,” मी म्हणाले. खरं सांगते, माझ्या मनात तेवढंच होतं.

रविवारी सकाळी सराव झाला. रस्त्यावर प्रत्येक कोनाखाली चुन्याचा ठिपका दिला होता, कोन पडला तर परत त्याच जागी ठेवता यावा म्हणून. पहिला विकी. गाडीनं जो आवाज काढला त्यानं शेजारच्या शेतातले बगळे उडाले. पहिल्या कोनापर्यंत ती गाडी काय सुंदर गेली! मग वळण आलं. विकीनं ब्रेक मारला तो वळणाच्या आत शिरून, आणि चाक फिरवलं तेव्हा गाडी तशीच नाकासमोर गेली. दुसऱ्या वळणाला त्यानं घाबरून पुन्हा ब्रेकच दाबला तर मागचा भाग पुढं यायला निघाला. पाच कोन आडवे झाले. एक तर गाडीखाली अडकून शेवटपर्यंत घासत गेला. माइकवाला ओरडत होता, “क्या पावर है! क्या पावर है!” एक मिनिट चोवीस सेकंद, अधिक दंड पंचवीस.

बाकीचे आले आणि गेले. कोणी फार हळू, कोणी फार जोरात. मग भाऊजींची पांढरी मारुती आली, आणि खरं म्हणजे बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. धूर नाही, टायरची किंकाळी नाही. गाडी वळणाच्या जरा आधी नाक खाली घालायची, मग वळायची, आणि वळण अर्धं व्हायच्या आतच पुढच्या वळणाच्या तयारीला लागलेली असायची. भाऊजी कोनाकडे बघतच नव्हते. जिथं जायचं तिथं बघत होते. प्रेक्षकांतल्या एकानं मोठ्यानं जांभई दिली. एक मिनिट बारा सेकंद, कोन एकही नाही.

फळ्यावर आकडा लागला तेव्हा मंडपात कुजबूज झाली. अनुश्रीनं आपल्या मोबाईलवरही वेळ लावली होती. ती फळ्याकडे आणि मोबाईलकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग धावत बापाकडे गेली. “पापा, आप फर्स्ट हो! सच में फर्स्ट!” भाऊजी गाडीतून उतरून टायरला हात लावून ते किती तापले ते बघत होते. “सराव हाये हा. फायनल बाकी हाये,” ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा मी बघितला. तेरा वर्षांत तो तसा कधी दिसला नव्हता. आणि पोरीनं चारचौघांत त्यांचा हात धरून ठेवला होता.

थोड्या वेळानं साहेबांनी मला मंडपामागं बोलावलं. विकीचे वडील तिथं होते. फायनलला प्रमुख पाहुणे येणार होते, बॅनरवर लाल गाडीचा दहा फुटी फोटो होता, आणि पहिला नंबर एका डाकगाडीच्या ड्रायव्हरचा येतोय हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. तसं कोणी बोललं नाही. साहेब म्हणाले, “मोड़ कुछ ज़्यादा हो गए हैं. बच्चों को चोट लग जाएगी.” आणि एक कागद पुढं केला. वर लिहिलं होतं, ‘मार्ग सरलीकरण – सहमति पत्र’.

आमच्या ऑफिसात सरलीकरण हा शब्द रोजचा. अर्जाचं सरलीकरण, प्रक्रियेचं सरलीकरण. पण एका माणसाच्या पोराला वळता येत नाही म्हणून रस्ताच सरळ करायचा, हे सरलीकरण मी पहिल्यांदाच बघितलं. खाली सगळ्या स्पर्धकांच्या सह्या हव्या होत्या. जवळ होते त्यांनी केल्या. त्यांतल्या बहुतेकांना सरळ रस्ताच परवडत होता. तीन सह्या राहिल्या.

“बाकी आप कृते कर दीजिए,” साहेब म्हणाले. “देवतळे तो आपके घर के ही हैं.”

ज्यानं सरकारी नोकरी केली नाही त्याला सांगते. माणूस हजर नसेल तर त्याच्या नावापुढं ‘कृते’ लिहून दुसऱ्यानं सही करायची, म्हणजे ती त्यानंच केली असं समजतात. माझ्या प्रमोशनची फाइल आठ महिन्यांपासून याच साहेबांच्या टेबलावर होती. साहेबांनी त्या फाइलचं नावसुद्धा काढलं नाही. त्याची गरजच नव्हती. भाऊजी पन्नास पावलांवर टायर पुसत होते. हाक मारली असती तर आले असते, आणि कागद वाचून नाही म्हणाले असते. मी हाक मारली नाही. तीनही सह्या मी केल्या.

माइकवर घोषणा झाली, “कोन सीधे किए जा रहे हैं, कृपया पंद्रह मिनट प्रतीक्षा करें.” सह्या करणारे सोडून बाकी सगळ्यांना वाटलं विकीनं आणि इतरांनी पाडलेले कोन उभे करताहेत. हिंदीत उभं करणं आणि रांगेत लावणं, दोन्हीला सीधा हा एकच शब्द चालतो, आणि तो शब्द ज्यानं निवडला त्याला तो नीट कळत होता. स्पर्धक पोहे खायला गेले. परत आले तेव्हा कोन रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन रांगांत उभे होते. मधे सगळा रस्ता मोकळा, विमानतळासारखा. चुन्याचे ठिपके तेवढे पुसायचे राहून गेले होते.

विकी सतरा सेकंदांत गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी पाहुण्यांकडे बघून वाजवल्या. माइकवाला बसलेल्या घशानं पुन्हा पावरचं गुणगान गाऊ लागला. त्यानंतरच्या सगळ्यांनी दाबलं आणि सरळ गेले. सरळ जायला काय लागतं! शेवटचा नंबर भाऊजींचा होता.

गाडी रेषेवर आली. अनुश्री खिडकीशी वाकली होती. माझ्या टेबलापासून ते जवळच होतं.

“पापा, अब सीधा ही है. दबा दो, बीच में कहीं नंबर आ जाएगा.”

भाऊजी समोर बघत होते. “दिसून राहिलं मले,” ते म्हणाले. “तू टाइम लाव.”

झेंडा पडला. मारुती निघाली, तिसऱ्या गियरपर्यंत गेली, आणि मग मोकळ्या रस्त्यावर, समोर काही नसताना, तिनं नाक खाली घातलं आणि डावीकडं वळली. मग उजवीकडं. लोकांना आधी कळेना. मग हसू फुटलं, आणि असं फुटलं की पाहुणेही रुमाल तोंडाला लावून हसू लागले. “अंकल पी के आए हैं क्या?” “अरे, गाय दिखी होगी!” माइकवाल्यानं तेच माइकवर म्हटलं. रिकाम्या सहा पदरी रस्त्यावर एक म्हातारी होत आलेली मारुती नागमोडी चालली होती, आणि हे बघून कोणालाही हसूच आलं असतं.

मी हसले नाही, कारण माझ्या जागेवरून ठिपके दिसत होते. गाडी प्रत्येक ठिपक्याला वीतभर अंतर ठेवून जात होती. चौथ्याला, पाचव्याला, सातव्या अवघड वळणालासुद्धा, जिथं सकाळी सहा जणांनी कोन पाडले होते. नवव्यातून बाहेर पडून ती रेषेवर आली आणि नेहमीसारखी, धक्का न देता, थांबली. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की टेबलाखाली जावंसं वाटलं.

“एक मिनट दस सेकंड!” माइकवर आवाज आला. “आज का सबसे स्लो टाइम! लेकिन बुज़ुर्ग की हिम्मत के लिए ज़ोरदार तालियाँ!”

टाळ्या खूप पडल्या. अनुश्रीनं टाळी वाजवली नाही. तिच्या मोबाईलवरही एक मिनिट दहाच होतं, सकाळच्यापेक्षा दोन सेकंद कमी, आणि त्याचा अर्थ त्या सगळ्या मंडपात आम्हा तिघांनाच कळत होता.

निकालाच्या कागदावर सही करायला स्पर्धक टेबलावर येत होते. भाऊजी रांगेत उभे राहून आले. निकालाच्या कागदाखाली तो सहमतीचा कागद टाचलेला होता. तेरा वर्षं डाक वाहिलेला माणूस; कागद उलटून बघणारच. त्यांनी बोट ठेवून वाचला.

“वहिनी, इथं माझं नाव हाये.”

“हव.”

“कृते तुमी केलं.”

“हव.”

“पोहे खाऊन राहिलो होतो तवा?”

“त्याच्या आधी. तुमी टायर पुसत होते.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उचललं, शेवटच्या क्रमांकापुढं आपली सही नीट, पूर्ण नावानं केली आणि पेन मला परत दिलं. अनुश्री मागं उभी होती.

“मी पोरीले सांगत होतो,” ते म्हणाले, “का बाई, तू भिऊ नको. बाकीचं मले मालूम नाई, पण टेबलावर आपली वहिनी हाये.”